हिरव्या कड्याची पुंगळी

१

हार्लन ग्रेब आपल्याच फाटकाशी पालथा पडला होता. फाटकाला नवंकोरं कुलूप लटकत होतं, किल्ली त्याच्या मुठीत होती, आणि गोळी पाठीतून आरपार गेली होती.

एल्कच्या शिकारीचा तो पहिला दिवस. त्या दिवशी सॉरेल क्रीकच्या खोऱ्यात उजाडल्यापासून चहूकडे बंदुका वाजत असतात, एका आवाजाकडे कोण कान देतो? पण हार्लनच्या अंगावर भडक नारिंगी जाकीट होतं. सांबरासारखं जनावर समजून मारला म्हणावं, तर मारणाऱ्याचे दोन्ही डोळे फुटलेले असायला हवेत.

"हा अपघात नाही," उपशेरीफ आर्डिस होल्म म्हणाली.

"ते मलाही दिसतंय, बाई," शेरीफ ग्रेडी पोल्क म्हणाला. तो तिचा साहेब होता आणि वयानं बराच लहान होता. निवडणूक तोंडावर आल्यामुळे हल्ली त्याला सगळंच लवकर दिसायचं.

फाटकासमोरच्या टेकाडावर एक पाइनचा ओंडका आडवा पडला होता. त्याच्यामागचं गवत दडपलेलं होतं, दहिवर पुसलं गेलं होतं. आणि ओंडक्यावर उडालेल्या काडतुसाची एक पितळी पुंगळी उभी होती. बुडाशी हिरव्या रंगाचं बारीक कडं.

आर्डिस वाकून ते कडं बघत राहिली. सगळं खोरं ओळखत होतं ते. ओरिन ट्वेट, म्हातारा बंदूकवाला, आपल्या स्वतःच्या बंदुकीसाठी हातानं भरलेल्या काडतुसांना तेवढं हिरवं कडं काढायचा. काडतूसही साधं नव्हतं. त्याचा आकार ओरिननं स्वतः डोकं लढवून काढला होता, दुकानात मिळत नसे. लोक त्याला 'ट्वेट सात' म्हणत. त्या जातीच्या बंदुका जगात तीनच, तिन्ही ओरिननंच बनवलेल्या. एक त्याची. एक हार्लनचा भाऊ मर्ल याच्याकडे. आणि एक आर्डिसच्या धाकट्या भावाकडे, व्हर्लिनकडे.

"झालं काम," ग्रेडी म्हणाला. "तीन आठवड्यांपूर्वी हार्लननं ओरिनचं कुत्रं मारलं, वासरांच्या मागं लागतं म्हणून. म्हाताऱ्यानं अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये भर सभेत सांगितलं होतं, याचा हिशेब होईल."

"ग्रेडी, हातानं काडतुसं भरणारा माणूस पुंगळी टाकून जात नाही. ती पुन्हा भरायची असते. सोन्यासारखी जपतो तो."

"माणूस मारल्यावर कसलं जपणं?"

"आणि ही उभी कशी? बंदुकीच्या मागचा बोल्ट मागे ओढला की पुंगळी गरगरत उडते, गवतात पडते. शाळेतल्या पोरासारखी उभी राहत नाही."

"मग सवयीनं ठेवली असेल आणि घाईत विसरला असेल." ग्रेडी हातमोजे चढवत खाली निघाला. "जास्त खोलात जाऊ नका, बाई."

आर्डिस गेलीच खोलात. ओंडक्याच्या उजव्या अंगाला, उताराखाली, ज्युनिपरचं काटेरी झुडूप होतं. गुडघे टेकून तिनं फांद्या बाजूला केल्या. आत दुसरी पुंगळी होती. हिचंही कडं हिरवंच. पण बुडातली टिकली शाबूत होती, तिच्यावर ठोका पडलेलाच नव्हता. म्हणजे हे काडतूस उडालंच नव्हतं. तरीही पुंगळीचं तोंड उघडं होतं, आतली गोळी गायब होती, आणि ओंडक्यापाशी दहिवरावर बंदुकीच्या दारूचे खसखशीएवढे करडे दाणे सांडले होते.

न उडालेल्या काडतुसातली गोळी कुठे गेली?

२

ओरिन ट्वेटची शेड म्हणजे खोऱ्याची चावडी होती. कुलूप नाही, कडी नाही. कुणीही यावं, पातळ कॉफी ओतून घ्यावी आणि म्हाताऱ्याची बोलणी खावीत. आर्डिस इथेच वाढली होती. आई गेली तेव्हा ती हायस्कूलमध्ये होती आणि व्हर्लिन अगदी लहान. बाप डोंगरावर शिकाऱ्यांचे तंबू सांभाळायचा, आता तेच काम व्हर्लिन करायचा. दोघा भावंडांना जेवूखाऊ घातलं ते ओरिननं. काडतुसं भरायलाही त्यानंच शिकवलं.

"ये, बाय," ओरिन म्हणाला. मग तिच्यामागचा ग्रेडी दिसला आणि त्याचा चेहरा आखडला. "हार्लनबद्दल कळलं. रडू येत नाही मला. खोटं कशाला बोलू?"

"पहाटे कुठे होतात, काका?"

"इथंच. एकटाच. पूर्वी विचारलं असतंस तर म्हटलं असतं, कुत्र्याला विचार."

ग्रेडीनं पिशवीतली पहिली पुंगळी टेबलावर ठेवली. म्हाताऱ्यानं चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"माझीच आहे. पण मी नाही उडवली. त्या फळीवर खोकं उघडंच असतं. कोण येतं, कोण जातं, मी पहारा देतो काय?"

"वा!" ग्रेडी म्हणाला. "म्हणजे सगळं खोरंच गुन्हेगार."

"तू मत मागायला आला होतास तेव्हा तूही इथंच बसला होतास की, ग्रेडी. दोन कप प्यायलास. तुलाही धर."

आर्डिसला हसू आलं आणि बरंही वाटलं. असा फटकळ माणूस मनात पाप ठेवून बसत नाही. तिनं दुसरी पुंगळी पुढे केली. "आणि ही, काका. झुडपात होती. टिकली शाबूत, गोळी नाही, दारू सांडलेली."

ओरिननं ती उजेडात धरली. पुंगळीच्या तोंडावरून अंगठा फिरवला, एकदा, पुन्हा एकदा. मग त्यानं मान वर केली आणि आर्डिसकडे असं पाहिलं की ती चरकली. राग नव्हता त्यात, भीतीही नव्हती. कुणी आजारी माणसाकडे पाहावं तसं ते पाहणं होतं.

पुंगळी त्यानं हळूच खाली ठेवली. "मला आता काही बोलायचं नाही."

"म्हणजे? काका, अहो आत्ता तर म्हणालात, मी उडवली नाही."

"काही बोलायचं नाही म्हटलं ना! वकील नको, काही नको. ग्रेडी, चल, कुठे न्यायचं तिथे ने."

ग्रेडीचे डोळे चमकले. आर्डिस मात्र जागच्या जागी खिळली. निर्दोष माणूस असा एकदम मुका का होतो?

३

"सोमवारी न्यायाधीशांपुढे उभा करतो," ग्रेडीनं सांगून टाकलं. "गोळीचे तर फाटकावर आदळून तुकडे झालेत, त्यातून काही कळायचं नाही. पुंगळ्या राजधानीला तपासायला पाठवू. उत्तर येईल तेव्हा येईल."

"तोवर सत्तरी ओलांडलेला माणूस कोठडीत? खुनी म्हणून?"

"मग खुनी कोण ते तुम्ही सांगा. बंदुका तीन आहेत. दुसरी मर्लची. तिसरी तुमच्या भावाची."

"व्हर्लिन शिकारीला आलेल्या ओहायोच्या दोन गिऱ्हाइकांना घेऊन पलीकडच्या डोंगरावर होता."

"म्हणूनच मी नाव घेतलं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हर्लिन स्वतःच तिच्या ऑफिसात आला. हातात कागदात गुंडाळलेलं सँडविच. "ताई, खाल्लं नसशीलच तू." उंच, गोरा, बापासारखाच थोडा वाकून चालणारा. डोळे सुजलेले दिसत होते. "काकांना भेटू देतात का गं?"

"ते कुणाशी बोलत नाहीत."

"मला नाही वाटत त्यांनी केलं असेल. पण कुत्र्यावर फार जीव होता त्यांचा." तो खिडकीबाहेर बघत राहिला. "आणि केलं असलं तरी लोक समजून घेतील. एवढं वय झालंय. ज्युरी काय दगडाची असते? सोडतील."

"खुनाला कुणी सोडत नाही, व्हर्लिन. ते तिथेच मरतील."

 सँडविच तिच्यापुढे सरकवून तो निघून गेला.

आर्डिसनं ते दोन घासांत संपवलं आणि ओरिनच्या शेडमध्ये जाऊन दार लावून घेतलं. म्हाताऱ्याला पुंगळीत काय दिसलं? तिला तेच, त्याच जागी बसून बघायचं होतं.

काडतूस भरण्यात दारूचं वजन चुकवू नये हे कुणीही सांगेल. पण ओरिनचा सगळा जीव दुसऱ्याच गोष्टीत असायचा. गोळी पुंगळीत किती खोल बसवायची? "काडतूस बसतं ते चेंबर संपतं तिथून नळीचे आटे सुरू होईपर्यंत मध्ये घसा असतो," तो सांगायचा. "गोळी पुंगळीतून सुटते आणि तेवढी उडी मारून आट्यांना भिडते. उडी किती ती तुम्ही ठरवायची. प्रत्येक बंदुकीला आपली उडी आवडते. ती सापडली की हजार यार्डांवर पाची भोकं तळहाताखाली झाकतील. नाही सापडली तर कोंबड्यांना दाणे फेकावेत तशा गोळ्या पसरतील." फार खोल दाबली तर दारूची जागा आक्रसते आणि दाब चढतो. फार बाहेर ठेवली तर गोळी आधीच आट्यांना टेकते, मग निराळाच दाब, निराळंच दुखणं. व्हर्लिन जांभया देत ऐकायचा. आर्डिसला मात्र ते सगळं पाठ होतं.

ओरिनच्या बंदुकीनं आयुष्यभर आग ओकली होती. तिचा घसा जळून जळून आटे पुढे सरकले होते, आणि म्हातारा त्यांच्यामागं धावत दर वर्षी गोळी जराशी बाहेर काढत आला होता. हिरव्या कड्याची आजची काडतुसं त्यामुळे लांबलचक झाली होती. पुंगळीची मानही तो हलकीच आवळायचा, गोळी जेमतेम धरून राहील एवढीच.

जेमतेम धरलेली गोळी. आर्डिस ताडकन उठली.

लांब काडतूस आखूड घशाच्या बंदुकीत घातलं तर काय होईल? बोल्ट जड जाईल. जोरानं दाबला तर बसेल, पण गोळी आट्यांत रुतेल. मग घोडा दाबलात तर ठीक, गोळी निघून जाईल. न दाबता बोल्ट मागे ओढलात, तर पुंगळी येईल आणि गोळी नळीतच अडकून राहील. दारू सगळी तुमच्या हातावर.

झुडपातली पुंगळी हेच सांगत होती! पहिली गोळी हार्लनला लागली. प्रत्येक शिकारी करतो तसं मारणाऱ्यानं हाताच्या सवयीनं बोल्ट ओढून दुसरं काडतूस भरलं. मग कुंपण ओलांडायच्या आधी, तेही सवयीनंच, बंदूक रिकामी करायला गेला. तिथे फसला.

तिनं ओरिनच्या खोक्यातल्या काडतुसाशी लांबी जुळवून एक पोकळ काडतूस तयार केलं. दारू नाही, टिकली नाही, नुसती पुंगळी आणि गोळी. मेणबत्तीच्या काजळीवर गोळी काळी केली आणि ओरिनच्याच बंदुकीत घातली. बोल्ट लोण्यासारखा बसला. बाहेर काढली. काजळीवर ओरखडादेखील नव्हता. गोळी आट्यांना शिवलीच नव्हती.

म्हणजे झुडपातलं काडतूस ओरिनच्या बंदुकीत नव्हतंच. आणि ओरिनला हे अंगठा फिरवताक्षणीच कळलं होतं. सुटकेचा पुरावा हातात असताना माणूस गप्प का बसला?

एकच कारण असू शकतं. तो कुणालातरी पाठीशी घालत होता.

४

मर्ल ग्रेब! ग्रेब भावांचा बाप ओरिनचा जिवलग दोस्त होता. मर्लला कुरण विकून ॲरिझोनाच्या उन्हात जायचं होतं, हार्लन सही करत नव्हता, आणि आता सगळं मर्लचंच होतं. आर्डिसला मर्ल हवा होता. इतका हवा होता की गाडी चालवताना ती स्वतःशीच त्याच्यावर आरोप ठेवत गेली.

मर्ल स्वयंपाकघरात बसून शेजाऱ्यांनी आणून दिलेला, गार झालेला मांस-बटाट्याचा हॉटडिश भांड्यातूनच खात होता. "ये. शोक करायला आलीस की मला धरायला?"

"तुमची ट्वेट सात बघायची आहे."

"हे बघ, भावाचं आणि माझं पटत नव्हतं, हे गावातल्या गायींनाही माहीत आहे. पण मारायचा असता तर तीस वर्षांपूर्वीच मारला नसता का? तेव्हा नजर चांगली होती."

"बंदूक कुठे आहे, मर्ल?"

"भिंतीवर. धूळ पुसून बघ."

धूळ होती खरी. पण धूळ काय, पसरताही येते. आर्डिसनं बोल्ट काढून पुसला, गोळीवर नवी काजळी धरली आणि पोकळ काडतूस आत सारलं.  बोल्ट जड जायला हवा होता.

तो सहज बसला. तिनं मागे ओढला. पुंगळी गोळीसकट बाहेर आली, काजळी जशीच्या तशी. पुन्हा घातलं, पुन्हा तेच.

"माझ्या बापासाठी ओरिननं घसा ऐसपैस कापला होता," मर्ल म्हणाला. "बाप कसलीही काडतुसं कोंबायचा. काय झालं? सुटलो की अडकलो?"

"सुटलात."

"मग तोंड का उतरलं तुझं?" त्यानं चमचा खाली ठेवला. तो आता थट्टा करत नव्हता. "हे बघ पोरी, मी कुणाचं नाव घेत नाही. हार्लननं ते फाटक बंद केल्यावर वर जंगलात जायची वाटच राहिली नाही. माझं काय जातं त्यात? मी कशाला वर जातोय? ज्याचे तंबू वर आहेत त्याचं जातं."

"व्हर्लिन त्या दिवशी गिऱ्हाइकांबरोबर होता."

"होता ना. आठच्या सुमारास दिसला मला पुलापाशी. म्हटलं, हे काय, एवढी नवी नळी बसवलेली बंदूक सोडून बापाची जुनी तीस-तीस रायफल खांद्यावर? एल्कच्या मोसमाच्या पहिल्या दिवशी? तर म्हणाला, बंदुकीवरची दुर्बीण बिघडलीय."

आर्डिस बाहेर आली. हार्लन पडला तो उजाडताना, आठ वाजण्याच्या कितीतरी आधी. गाडीचं दार उघडलं, पण आत बसवेना. वसंतात व्हर्लिनच्या बंदुकीची नळी गेली होती. नवी ओरिननंच बसवली. तेव्हा ती शेडमध्येच होती, कॉफी पीत. "घसा आखूडच कापतो," म्हातारा म्हणाला होता, "पोराला अचूक हवीय."

तिनं तीन बंदुका मोजल्या होत्या आणि दोनच तपासायच्या ठरवल्या होत्या. ग्रेडीला ती दिवसभर मनातल्या मनात मूर्ख म्हणत होती.

५

व्हर्लिन अंगणात तंबूचे खांब ट्रकमध्ये चढवत होता. गिऱ्हाइकं पैसे परत घेऊन निघून गेली होती. बहिणीला पाहून तो हसला, आणि तिच्या हातातलं काडतूस पाहून हसायचा थांबला.

"बंदूक आण," ती म्हणाली.

"दुर्बीण बिघडलीय तिची."

"मला दुर्बीण नको. बोल्ट हवाय."

तो आत गेला. क्षणभर तिला वाटलं, आतून मागच्या दारानं पळेल. पळावं, असंही वाटलं. पण तो बंदूक घेऊन आला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. लहानपणी काही मोडलं की असाच आणून द्यायचा.

"हे पोकळ आहे. दारू नाही," तिनं सांगितलं आणि काडतूस आत सारलं. बोल्ट अर्ध्यावर अडला. तिनं तळहातानं दाबला. करकरत बसला. मग मागे ओढला.

पुंगळी आली. गोळी आली नाही.

दोघंही त्या रिकाम्या पुंगळीकडे बघत राहिली. शेजारच्या कुरणात कुणाची तरी गाय हंबरत होती.

"मागच्या वर्षी काकांची काडतुसं हिच्यातून मस्त गेली होती," व्हर्लिन हळूच म्हणाला. "त्यांनीच दिली होती मूठभर."

"मागच्या वर्षी तुझी नळी जळलेली होती. नवी आखूड आहे. आणि त्यांनी यंदा गोळी आणखी बाहेर काढलीय. एवढं शिकवलं होतं त्यांनी, तू जांभया देत बसायचास."

"पहिलं जड गेलं. वाटलं थंडीनं आखडलंय. दाबलं." तो ट्रकच्या पायरीवर बसला. "मग दुसरं... दारू सगळी बोल्टमध्ये सांडली. पुंगळी कुठे उडाली दिसेना. खालून कुणाच्या तरी गाडीचा आवाज आला. गोळी घरी येऊन गजानं ठोकून काढली, पण नळी साफ करायच्या आत गिऱ्हाइकं दारात उभी होती, म्हणून बाबांची तीस-तीस उचलली."

"का, व्हर्लिन?"

"तुला माहीत नाही का? बाबा त्या वाटेनं गेले, मी गेलो. तो कुलूप घेऊन आला आणि म्हणाला, तुम्हा बापलेकांची भीक बंद. तीनदा गेलो मी त्याच्याकडे. तिसऱ्यांदा त्यानं ऐकूनही घेतलं नाही, रेडिओचा आवाज वाढवला."

"आणि म्हणून पाठीत गोळी? तो कुलूप उघडत होता रे. किल्ली हातात होती त्याच्या. तुझ्यासाठी उघडत होता की गुरांसाठी, आता कधी कळायचंही नाही."

व्हर्लिननं तोंड ओंजळीत लपवलं. आर्डिसला त्याला बडवावंसं वाटलं, आणि पोटाशी धरावंसंही वाटलं. तिनं दोन्ही केलं नाही. एक प्रश्न राहिला होता.

"ती पुंगळी ओंडक्यावर कुणी उभी केली?"

त्यानं हात तोंडावरून काढले आणि बुटांकडे पाहिलं.

"व्हर्लिन!"

"मीच." मान वर न करता तो बोलला. "त्यांचं कुत्रं मारलं होतं ना हार्लननं. म्हटलं, लोक म्हणतील म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. कुणी कठोर वागणार नाही. मला दोन पोरं आहेत, ताई. काकांना कोण आहे?"

"आपण होतो," आर्डिस म्हणाली. "त्यांना आपण होतो." तिनं कमरेच्या बेड्या काढल्या. त्या त्याच्या मनगटांवर चढवताना तिला डोळ्यांतल्या पाण्यानं कळ दिसेना, तेव्हा त्यानंच हात फिरवून तिच्या बोटांशी आणला.

६

ग्रेडीनं सगळं ऐकलं, पुंगळी बघितली, पुन्हा ऐकलं. त्याला टोमणा मारायची संधी होती. त्यानं मारला नाही. "म्हाताऱ्याला तुम्हीच सोडा, बाई," एवढंच म्हणून त्यानं किल्ली तिच्या हातात दिली.

ओरिन कोठडीतल्या फळीवर भिंतीला पाठ टेकून बसला होता. आर्डिसनं दार उघडलं, पण तो उठला नाही. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि सुस्कारा सोडला.

"सापडला तुला."

"तुम्हाला त्याच क्षणी कळलं होतं."

"तो घसा मी माझ्या हातानं कापलाय, बाय. मला नाही कळणार?"

"मग बोलला का नाहीत? मेला असतात इथे!"

"तुला आपल्याच भावाविरुद्ध बोलावं लागू नये म्हणून." तो चष्मा सदऱ्याला पुसत होता, पुसून झाला तरी पुसत होता. "तुझ्या आईमागं तूच वाढवलंस त्याला. मी फक्त जेवू घातलं. म्हटलं, माझे किती दिवस राहिलेत? त्याची दोन पोरं आहेत. डोकं फिरलं असेल, हाताला येईल ते काडतूस उचललं असेल. माझंच हाताशी आलं. त्याला काय माहीत, त्याचा दोष माझ्यावर येईल? एवढा विचार करणारं पोर नाही ते."

आर्डिस तिथेच थांबू शकली असती. म्हातारा तेवढंच मनात धरून घरी गेला असता. पण कोर्टात सगळं निघणारच होतं, भरल्या हॉलमध्ये, ग्रेडीच्या तोंडून. ती त्याच्या शेजारी फळीवर बसली.

"काका, हाताशी आलं म्हणून नाही घेतलं त्यानं. तुमचं नाव लागावं म्हणूनच घेतलं. मुद्दाम."

ओरिनचा हात थांबला.

"त्यानं सांगितलं असं?"

"हो."

"मी आत आहे हे माहीत असताना? तुला येऊन भेटला, तेव्हाही?"

"सँडविच घेऊन आला होता. म्हणाला, ज्युरी सोडेल तुम्हाला."

 बाहेर ग्रेडीचा फोन वाजला, कुणीतरी उचलला. आर्डिसनं म्हाताऱ्याचा कोट उचलून त्याच्या खांद्यावर घातला. "चला, काका. घरी सोडते तुम्हाला."

ओरिन उठायला गेला आणि परत बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून त्यानं उघड्या दाराकडे पाहिलं.

"जरा लाव ते दार," तो म्हणाला. "मला थोडा वेळ इथंच बसू दे."

तिनं दार ओढून घेतलं आणि बाहेरच्या बाकावर त्याच्याकडे पाठ करून बसली. आतून हुंदके ऐकू यायला लागले तेव्हा तिनं वळून पाहिलं नाही.